नऊ एक्क्यांचा वर्ग: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गेल्या अंकात कोड्यांच्या चौकटीत एक ओळ छापली होती: १११११११११ या संख्येचा, म्हणजे नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या संख्येचा, वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. स्पष्टीकरण दिलं नव्हतं. त्यावर आलेल्या पत्रांतले सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. दर वेळी सगळे अंक लिहायला नकोत म्हणून पहिलीला ‘नऊ एक्के’ आणि तिच्या सतरा अंकी वर्गाला ‘मोठी संख्या’ म्हटलं आहे.

प्रश्न: एकापासून नऊपर्यंत चढायचं आणि पुन्हा एकापर्यंत उतरायचं, हे असं का होतं? मी दहा एक्क्यांचा वर्ग केला तर मध्येच सगळं बिघडलं. माझं चुकलं का? (इयत्ता नववी, परभणी)

उत्तर: तुझं चुकलेलं नाही. बिघडायलाच हवं होतं. आधी चार एक्के घे. ११११ ला ११११ ने गुणताना आपण चार ओळी लिहितो, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकते:

११११ + ११११० + ११११०० + ११११००० असं न लिहिता घरं मोजून बघ. एककाच्या घरात फक्त पहिल्या ओळीचा १ येतो. दशकाच्या घरात पहिल्या दोन ओळींचे दोन, शतकाच्या घरात तीन, हजाराच्या घरात चारही ओळींचे चार. तिथून पुढे वरच्या ओळी एकेक करून संपत जातात, म्हणून तीन, दोन, एक. उत्तर १२३४३२१. इथे बेरीज अशी होतच नाही, नुसती मोजणी होते.

नऊ एक्क्यांच्या गुणाकारात नऊ ओळी असतात. उजवीकडून नवव्या घरात सगळ्या ओळी एकावर एक येतात आणि तिथे ९ जमतात. कुठल्याच घरात नऊच्या वर काही जात नाही, म्हणून हातचा कुठेच नाही आणि मोजणी जशीच्या तशी उत्तरात दिसते.

दहा एक्के घेतले की मधल्या घरात १० जमतात. तिथे ० लिहून हातचा १ डावीकडे जातो. डावीकडच्या घरात आधीच ९ आहेत, त्यांचे १० होतात. पुन्हा ०, पुन्हा हातचा १. त्याच्या डावीकडे ८ होते, त्यांचे ९ झाले आणि हातचा तिथे संपला. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या बाजूचा ८ ‘गायब’ झाल्यासारखा दिसतो, पण हातचा मिळून त्याचा ९ झालेला असतो. बऱ्याच जणांनी उत्तर १२३४५६७८९१०९८७६५४३२१ असं पाठवलं आहे. त्यांनी मधल्या एकाच घरात १० हे दोन अंक कोंबले, म्हणून उत्तर एका अंकाने लांबलं. दहा एक्क्यांच्या वर्गात एकोणीसच अंक असतात. अंक मोजले असते तरी चूक सापडली असती.

प्रश्न: म्हणजे हा सगळा दशमान पद्धतीचा खेळ आहे का? दुसऱ्या पद्धतीत लिहिलं तर ही गंमत उरते का? (सेवानिवृत्त अभियंता, सांगली)

उत्तर: उरते, फक्त किती एक्क्यांपर्यंत चालेल ते बदलतं. पंचमान पद्धतीत सगळ्यात मोठा अंक ४, म्हणून तिथे चार एक्क्यांपर्यंत हातचा येत नाही. पंचमानातले ११११ म्हणजे आपले १२५ + २५ + ५ + १ = १५६. त्याचा वर्ग २४३३६. आता पंचमानातलं १२३४३२१ उलगडा: १५६२५ + ६२५० + १८७५ + ५०० + ७५ + १० + १ = २४३३६. बारा अंकांची पद्धत वापरली असती तर अकरा एक्क्यांपर्यंत डोंगर सरळ चढला असता.

यातून एक भेद लक्षात ठेवावा. उलटसुलट सारखं वाचता येणं, अंकांची बेरीज, डोंगराचा आकार हे गुण लिहिण्याच्या पद्धतीचे आहेत. मूळ अवयव कोणते, विभाजक किती, पूर्ण वर्ग आहे की नाही हे गुण खुद्द संख्येचे आहेत, ते कुठल्याही लिपीत आणि कुठल्याही पद्धतीत तेच राहतात. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या ‘चमत्कारी संख्यां’चे गुण बहुतेक वेळा पहिल्या प्रकारचे असतात.

प्रश्न: एक्सेलमध्ये ही संख्या लिहिली की शेवटी ३२१ ऐवजी ३०० दिसतं. मुलाच्या संगणकावर ब्राउझरमध्ये ३२० आलं. नेमकं खरं काय? (लेखापाल, नाशिक)

उत्तर: खरं ३२१. दोन्ही ठिकाणी संख्या बिघडली आहे, पण कारणं वेगळी आहेत.

एक्सेल संख्येचे पहिले पंधरा अंक ठेवतं आणि पुढच्या अंकांच्या जागी शून्य घालतं. आपली संख्या सतरा अंकी, म्हणून शेवटचे २ आणि १ गेले, १२३४५६७८९८७६५४३०० उरलं. घर अरुंद असेल तर १.२३४५७ पुढे ई+१६ असं दिसतं, तो फक्त दाखवण्याचा प्रकार. गेलेले दोन अंक मात्र घर रुंद करून परत येत नाहीत. म्हणून टाइप करण्याआधीच घराचा प्रकार ‘टेक्स्ट’ करावा, किंवा सुरुवातीला एकेरी अवतरणचिन्ह द्यावं. आधी टाइप करून मग ‘टेक्स्ट’ केलं तर शून्यंच टेक्स्ट होतात. सोळा आकडी कार्ड क्रमांक किंवा लांबलचक खाते क्रमांक यादीत भरताना हीच चूक होते, आणि तिथे ती महागात पडते.

ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट ही संगणकभाषा संख्येसाठी ५३ द्विमान अंक वापरते. २ चा ५३ वा घात ९००७१९९२५४७४०९९२. तिथपर्यंतच्या सगळ्या पूर्ण संख्या अचूक बसतात. त्यापुढे, २ च्या ५४ व्या घातापर्यंत, फक्त सम संख्या बसतात. आपली मोठी संख्या नेमकी या पट्ट्यात आहे आणि ती विषम आहे, त्यामुळे तिला शेजारच्या सम संख्येवर, ३२० वर, बसावं लागतं.

पायथन या संगणकभाषेत पूर्ण संख्या कितीही लांब चालतात. पण तिथेही वर्गमूळ काढताना सापळा आहे. साधं वर्गमूळ काढणारं फंक्शन दशांश संख्येत उत्तर देतं. मोठ्या संख्येत १ मिळवा, म्हणजे शेवट ३२२ होतो. २ वर संपणारी संख्या पूर्ण वर्ग असूच शकत नाही. तरी ते फंक्शन तिचंही वर्गमूळ नेमकं १११११११११.० सांगतं, कारण खरा फरक दशांशचिन्हानंतर आठव्या शून्यापलीकडे सुरू होतो आणि तेवढ्यासाठी जागा उरलेली नसते. पूर्णांकातच वर्गमूळ देणारं वेगळं फंक्शन आहे, ते वापरावं आणि आलेल्या उत्तराचा पुन्हा वर्ग करून ताडून बघावा.

प्रश्न: संगणक नको. घरच्या आठ अंकी कॅल्क्युलेटरवर हा वर्ग तपासता येईल का? (गृहिणी, बेळगाव)

उत्तर: येईल, आणि कॅल्क्युलेटर फारसा लागणारही नाही. नऊ एक्क्यांचे तीन-तीन अंकांचे गट करा: १११, १११, १११. प्रत्येक गट एक ‘अंक’ समजा. १११ चा वर्ग १२३२१. आता तीन एक्क्यांच्या गुणाकारासारखी मांडणी केली की पाच घरांत १२३२१ चे अनुक्रमे १, २, ३, २, १ पट येतात: १२३२१, २४६४२, ३६९६३, २४६४२, १२३२१. प्रत्येक घरात तीनच अंक ठेवायचे, उरलेलं हातचा म्हणून डावीकडे न्यायचं.

उजवीकडून सुरुवात करा. १२३२१ मधले ३२१ ठेवले, हातचे १२. पुढे २४६४२ + १२ = २४६५४, ठेवले ६५४, हातचे २४. पुढे ३६९६३ + २४ = ३६९८७, ठेवले ९८७, हातचे ३६. पुढे २४६४२ + ३६ = २४६७८, ठेवले ६७८, हातचे २४. शेवटी १२३२१ + २४ = १२३४५. ओळीने वाचा: १२३४५ ६७८ ९८७ ६५४ ३२१. कुठल्याही टप्प्यावर पाच अंकांच्या पुढे गेलो नाही. मोठमोठे गुणाकार करणारे प्रोग्रॅमही आतून साधारण असंच करतात, त्यांचे गट फक्त याहून मोठे असतात.

प्रश्न: ही संख्या मराठीत वाचायची कशी? (आजोबा आणि नात, ठाणे)

उत्तर: व्यवहारातल्या शब्दांत: १२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१. ‘कोटी’ दोनदा येतं, पण अर्थाला धोका नाही. धोका ‘खर्व’ वापरण्यात आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) प्रत्येक नाव आधीच्या नावाच्या दहापट आहे, तिथे खर्व म्हणजे एकावर दहा शून्यं. हिंदीतला ‘खरब’ म्हणजे एकावर अकरा.

‘लीलावती’तली नावं मात्र या संख्येला फार शोभतात, कारण प्रत्येक घराला स्वतंत्र नाव आहे. नातीकडून एका दमात म्हणवून घ्या: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधि, चार शंकु, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक. याच्या पुढचं नाव परार्ध, आणि तिथे ती यादी संपते.

प्रश्न: मोठ्या संख्येचे मूळ अवयव हाताने काढता येतात का? मी ३, ३, ३७ पर्यंत आलो आणि ३३३६६७ वर अडकलो. ती मूळ संख्या आहे हे कसं ठरवायचं? (बी. एस्सी.चा विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर: तुझा रस्ता बरोबर आहे. मोठी संख्या वर्ग आहे, म्हणून फक्त नऊ एक्क्यांचे अवयव काढायचे आणि प्रत्येक दुप्पट वेळा घ्यायचा. नऊ एक्क्यांच्या अंकांची बेरीज ९, म्हणून ९ ने भाग जातो: १२३४५६७९. याच्या अंकांची बेरीज ३७, म्हणजे आता ३ ने भाग जात नाही. उजवीकडून तीन-तीनचे गट करून बेरीज: १२ + ३४५ + ६७९ = १०३६, पुन्हा १ + ३६ = ३७. म्हणून ३७ ने भाग जातो आणि ३३३६६७ उरतात. (अंकांची बेरीजही ३७ आणि विभाजकही ३७, हा निव्वळ योगायोग आहे. त्यावरून नियम काढू नये. दोन पत्रांत तो काढला आहे.)

आता ३३३६६७. त्याचं वर्गमूळ ५७७ आणि ५७८ यांच्या मध्ये. म्हणजे ५७७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग देऊन बघायचा. त्या १०६ आहेत, आणि तू बहुधा तिथेच कंटाळलास. पण बहुतेकांना हात लावायचीच गरज नाही.

३३३६६७ ची तिप्पट १००१००१, आणि १००१००१ × ९९९ = ९९९९९९९९९. म्हणून ३३३६६७ चा कुठलाही मूळ अवयव ‘प’ घेतला, तरी तो नऊ नव्वांना भागतो. याचा अर्थ १/प या अपूर्णांकाच्या आवर्ती दशांशाची लांबी ९ ची विभाजक असते: १, ३ किंवा ९. लांबी १ असेल तर प = ३. लांबी ३ असेल तर प = ३७. पण ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, म्हणून ३ बाद. आणि ३७ × ९०१८ = ३३३६६६, म्हणून ३७ ने बाकी १, तोही बाद. उरली लांबी ९. फर्माच्या प्रमेयानुसार ही लांबी प – १ ला निःशेष भागते. म्हणून प – १ हा ९ च्या पटीत, आणि प विषम असल्यामुळे १८ च्या पटीत.

आता १८ च्या पटीपेक्षा १ ने मोठ्या अशा, ५७७ पर्यंतच्या मूळ संख्या शोध. ३७ वगळून सोळाच उरतात. कंसात ३३३६६७ ला त्यांनी भागल्यावरची बाकी: १९ (८), ७३ (५७), १०९ (१८), १२७ (३८), १६३ (६), १८१ (८४), १९९ (१४३), २७१ (६६), ३०७ (२६५), ३७९ (१४७), ३९७ (१८७), ४३३ (२५७), ४८७ (७२), ५२३ (५१६), ५४१ (४११), ५७७ (१६१). शून्य कुठेच नाही. ३३३६६७ मूळ संख्या आहे. १०६ भागाकारांचं काम १६ वर आलं, आणि तेही पाव तासात उरकतं.

तेव्हा मोठी संख्या = ३ चार वेळा × ३७ दोन वेळा × ३३३६६७ दोन वेळा. विभाजकांची संख्या (४ + १)(२ + १)(२ + १) = ४५. ती विषम आहे, कारण विभाजक जोडीजोडीने येतात आणि पूर्ण वर्गात वर्गमूळ स्वतःशीच जोडी लावतं. सगळ्या विभाजकांची बेरीज १२१ × १४०७ × १११३३४०००५५७ = १८९५४२७९५९२८२७५७९. त्यातून खुद्द संख्या वजा केली तर ६६०८६००६०५१७३२५८ उरतात, म्हणजे संख्येच्या निम्म्याहून थोडे जास्त, पण खुद्द संख्येपेक्षा कमी. म्हणून ही ‘न्यून’ संख्या.

प्रश्न: माझ्या वर्गातल्या मुलांनी अशी मांडणी केली: अंकांची बेरीज ८१, ८१ ला ८१ ने भाग जातो, म्हणून मोठ्या संख्येलाही ८१ ने भाग जातो. उत्तर बरोबर आलं. गुण द्यावेत का? (शिक्षिका, सातारा)

उत्तर: बाई, उत्तर बरोबर आहे आणि कारण चुकलं आहे. अंकांच्या बेरजेची कसोटी फक्त ३ आणि ९ साठी आहे. तिचा आधार एवढाच, की १०, १००, १००० या सगळ्यांना ९ ने भागलं की बाकी १ उरते. २७ ने भागलं तर १० ची बाकी १०, १०० ची १९, आणि १००० ची १. मुलांना १८९९ द्या. अंकांची बेरीज २७, पण २७ ने भागल्यावर बाकी ९. वाद तिथेच मिटतो.

मात्र त्याच विचाराने खऱ्या कसोट्या करता येतात, आणि त्या मुलांकडून काढून घेण्यासारख्या आहेत. १००० ला २७ ने किंवा ३७ ने भागलं तर बाकी १, म्हणून या दोघांसाठी तीन-तीन अंकांचे गट करून बेरीज करायची: १२ + ३४५ + ६७८ + ९८७ + ६५४ + ३२१ = २९९७. ही ९९९ ची तिप्पट, आणि ९९९ = २७ × ३७. दोन्ही जमले.

८१ साठी १० चा नववा घात घ्यावा लागतो, तोवर बाकी १ येत नाही. म्हणून नऊ-नऊ अंकांचे गट. मोठ्या संख्येचे दोन गट पडतात, डावीकडे १२३४५६७८ आणि उजवीकडे ९८७६५४३२१. त्यांची बेरीज करून बघा: ९९९९९९९९९. नऊ नव्वे! त्यांना ८१ ने भाग जातोच (भागाकार १२३४५६७९), आणि वर आणखी एक गोष्ट कळते: मोठ्या संख्येला खुद्द नऊ नव्वांनीच भाग जातो. मोठी संख्या = ९९९९९९९९९ × १२३४५६७९. आणि ८१ × १२३४५६७९ = ९९९९९९९९९ हे आत्ताच पाहिलं. म्हणून ८१ × मोठी संख्या = नऊ नव्वांचा वर्ग. हे समीकरण फळ्यावर राहू द्या, खाली शेवटच्या उत्तरात लागणार आहे.

स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला हर्षद संख्या म्हणतात. म्हणजे मुलांनी नकळत हर्षद संख्या ओळखली. आमच्या मते उत्तराला गुण द्यावेत, कारणाला देऊ नयेत.

प्रश्न: हर्षद संख्या आणि डेम्लो संख्या ही नावं एकाच गणितज्ञाची का? डेम्लो म्हणजे काय? (वाचक, डोंबिवली)

उत्तर: हो, दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६). जन्म डहाणूचा, आणि नोकरी नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तरची. १, १२१, १२३२१ अशा, एक्क्यांच्या वर्गांच्या माळेला त्यांनी ‘अद्भुत डेम्लो संख्या’ म्हटलं. आपली मोठी संख्या या माळेतली नववी, हातच्याशिवाय येणारी शेवटची. डेम्लो हे जुन्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी. आय. पी.) रेल्वेवरचं, मुंबईपासून तीस मैलांवरचं स्टेशन. ते आता डोंबिवली या नावाने ओळखलं जातं. प्रश्न योग्य गावातून आला आहे.

नऊ नव्वांच्या वर्गातही कापरेकरांची खूण आहे. तो वर्ग ९९९९९९९९८०००००००००१ नव्हे, नीट मोजून ९९९९९९९९८००००००००१ असा अठरा अंकी आहे. त्याचे नऊ-नऊ अंकांचे दोन तुकडे करून बेरीज केली की पुन्हा नऊ नव्वे येतात. अशा संख्यांनाच कापरेकर संख्या म्हणतात. (एक शून्य जास्त लिहिण्याची चूक फार जणांकडून होते, म्हणून दोन्ही रूपं छापली.)

प्रश्न: जुन्या भागाकार पद्धतीने मोठ्या संख्येचं वर्गमूळ काढून दाखवाल का? (वाचक, इंदूर)

उत्तर: उजवीकडून दोन-दोन अंकांच्या जोड्या: १, २३, ४५, ६७, ८९, ८७, ६५, ४३, २१. नऊ गट, म्हणून वर्गमूळ नऊ अंकी. जोड्या डावीकडून पाडायला सुरुवात केली तर १२, ३४ असं होतं आणि सगळं गणित फसतं.

पहिला गट १, मूळ १, बाकी ०. २३ खाली घ्या. मुळाची दुप्पट २, तिच्यापुढे १ लावून २१, एकदा वजा, बाकी २. ४५ खाली घेऊन २४५, वजा २२१, बाकी २४. ६७ घेऊन २४६७, वजा २२२१, बाकी २४६. ८९ घेऊन २४६८९, वजा २२२२१, बाकी २४६८. ८७ घेऊन २४६८८७, वजा २२२२२१, बाकी २४६६६. ६५ घेऊन २४६६६६५, वजा २२२२२२१, बाकी २४४४४४. ४३ घेऊन २४४४४४४३, वजा २२२२२२२१, बाकी २२२२२२२. शेवटी २१ घेऊन २२२२२२२२१, वजा २२२२२२२२१, बाकी शून्य. दर वेळी भाग १ चाच बसतो. बाक्यांच्या शेवटच्या अंकांत २, ४, ६, ८ अशी चढण आणि मग ६, ४, २ अशी उतरण दिसते, तीही बघण्यासारखी आहे.

प्रश्न: १ ला मोठ्या संख्येने भागलं तर दशांश किती अंकांनी परत येतात? (आयटी कर्मचारी, पुणे)

उत्तर: ११,११,११,१११ अंकांनी. म्हणजे अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा, पुन्हा नऊ एक्केच. एका पानावर २००० अंक बसवले तर एक आवर्तन छापायला ५५,५५६ पानं लागतील.

तरी हे आवर्तन कुणालाही तोंडी सांगता येतं. वरचं समीकरण घ्या: ८१ × मोठी संख्या = नऊ नव्वांचा वर्ग. म्हणून १ भागिले मोठी संख्या म्हणजे ८१ भागिले नऊ नव्वांचा वर्ग. १ ला नऊ नव्वांनी भागलं की दशांशचिन्हानंतर नऊ-नऊ अंकांच्या घरांत ०००००००००१ नव्हे, तर नेमके नऊ अंक, ००००००००१, पुन्हा पुन्हा येतात. म्हणजे प्रत्येक घरात १. याचा वर्ग करा, की पहिल्या प्रश्नातलीच मोजणी पुन्हा सुरू होते, फक्त या वेळी ओळी संपत नाहीत: घरांमध्ये ०, १, २, ३, ४ असे चढत जातात. त्याला ८१ ने गुणलं की घरांमध्ये एक्क्याऐंशीचा पाढा लागतो:

०.००००००००० ०००००००८१ ००००००१६२ ००००००२४३ ००००००३२४ …

हा पाढा १ कोटी २३ लाख ४५ हजार ६७८ व्या ओळीपर्यंत सुरळीत चालतो. तिथे ९९९९९९९१८ येतात. पुढची ओळ ९९९९९९९९९, आणि तिच्या पुढची नऊ अंकांत मावत नाही. ती १०००००००८० होते, तिचा हातचा १ मागच्या घरात जातो, नऊ नव्वांचे सगळे शून्य होतात, आणि हातचा आणखी एक घर मागे सरकून ९९९९९९९१८ चे ९९९९९९९१९ करतो. नऊ शून्यांचं ते घर म्हणजेच नव्या आवर्तनाची सुरुवात. त्यापुढच्या घरात ८० उरले होते, त्यांना त्यांच्या उजवीकडून हातचा १ मिळतो आणि पुन्हा ८१ होतात. एका आवर्तनात १२३४५६७९ घरं, प्रत्येकात नऊ अंक, गुणाकार नऊ एक्के.